भाविका, शंभर टक्के कॉटन

"मॅडम, आतून घालायचे कपडे कशाचे असलेले चांगले?"

प्रश्न विचारून भाविका उभीच राहिली. आधी नववीचा अख्खा वर्ग चिडीचूप झाला, मग मागच्या बाकांवरून खी-खी सुरू झाली. दवाखान्याच्या डॉक्टर बाई आज फक्त मुलींशी बोलायला आल्या होत्या आणि मुलग्यांना पीटीच्या सरांबरोबर मैदानावर पिटाळलं होतं म्हणून बरं, नाहीतर तिची मैत्रीण मृणाली बाकाखालीच शिरली असती.

पैज दुसऱ्या मैत्रिणीची, अदितीची होती. "कबड्डीची कॅप्टन झालीस ना? मग डॉक्टर बाईंना विचारून दाखव. नाहीतर वर्षभर भित्री भागूबाई म्हणणार. ऑर्कुटवरपण तेच लिहिणार!" मृणालीने वर अट घातली होती, "आणि 'ते', 'हे', 'आपले ते' असलं चालणार नाही. स्पष्ट म्हणायचं."

भाविकाने म्हटलं होतं की स्पष्ट! पण अदितीला काय माहीत, की तिने पैज लावली नसती तरी भाविकाने आज कसंही करून हेच विचारलं असतं?

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. "शाब्बास," त्या म्हणाल्या. "सुती घाला. जमलं तर बिनरंगाचं. नायलॉन-पॉलिस्टरमध्ये घाम अडकतो, भडक रंग अंगाला लागतो, मग खाज सुटते, चट्टे उठतात. कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांचा नाला तुम्ही रोज बघता ना, आज गुलाबी, उद्या निळा? तेच रंग अंगाला चिकटून बसतात. सुती कापड अंगाला सोसतं आणि फाटलं की मातीलाही सोसतं. नायलॉन पुरून बघा, तुमच्या नातवंडांना जसंच्या तसं सापडेल!"

वर्ग खो-खो हसला. भाविका खाली बसली. अदितीने तिची पाठ थोपटली, मृणालीने चिमटा काढला, पण तिला हसू येईना.

कारण भाविका सुतीच घालत होती. तिच्या पप्पांचा, केसरीनाथ पाटलांचा, भिवंडीच्या नारपोलीत कारखाना होता. आधी नुसते कापड विणायचे लूम होते. गेल्या वर्षी त्यांनी शिलाईच्या मशीन टाकल्या आणि बाहेरून रंगीत कापड आणून बायकांच्या आतल्या कपड्यांचे सेट काढले. लाल, जांभळे, मोरपंखी. डब्यावर लेकीचं नाव छापलं, 'भाविका', आणि खाली 'शंभर टक्के कॉटन'. पहिल्यांदा डबा बघितला तेव्हा तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. पण पप्पा इतके खूश होते, की आठवड्याभरात तीच मैत्रिणींना सांगत सुटली, "माझ्या नावाचा ब्रँड आहे, हसता काय!" घरात आईपासून तिच्यापर्यंत सगळ्याजणी तेच घालत.

तर कॉटन घालूनसुद्धा चट्टे उठले होते. मग उरलं काय? एकच उरलं.

कमरेला आणि मांड्यांच्या वरच्या बाजूला, लालसर-तपकिरी, दिवाळीच्या करंजीएवढे. गणपतीत एक होता, आता मोजायची हिंमत होत नव्हती. दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं तिला येता-जाता दिसायचं: अंगावर बधिर चट्टा आहे? कुष्ठरोग असू शकतो. आणि दिघाशी गावात तिची तुळजा आत्या होती. आत्याला तोच रोग झाला होता. सरकारी गोळ्या खाऊन ती कधीचीच बरी झाली, तरी सासरच्यांनी तिला परत नेली नाही ती नाहीच. नारपोलीच्या घरात आत्याचं नावही हळू आवाजात घ्यायचे.

त्या संध्याकाळी भाविकाने बाथरूमची कडी लावली आणि कंपासचं टोक चट्ट्याला लावलं. टोचलं. टोचलं ना? की टोचायला हवं म्हणून टोचल्यासारखं वाटलं? तिने पुन्हा टोचलं, डोळे मिटून. काहीच कळेना. कबड्डीत रेडला जाताना सात जणींना अंगावर घेणारी पोर, त्या टोकाने पार गळून गेली.

"आई," तिने रात्रीच्या भाकऱ्या होत असताना चाचपून बघितलं, "आत्याला पहिल्यांदा काय झालं होतं गं?"

आईचा हात परातीतच थांबला. "कशाला पायजे तुला?"

"असंच."

"असंच न्हाय नि तसंच न्हाय. या घरात तो विषय काढायचा न्हाय. उद्या तुझं लगीन करायचं हाय." बोलताना आईचा आवाज कापला. भाविकाला तो राग वाटला.

रविवारी तिने थाप मारली, प्रॅक्टिस आहे. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसली ती दोनदा रिक्षा बदलत दिघाशीला उतरली. सगळ्या वाटेत एकच विचार. आत्याने बघून मान हलवली तर? तर शाळा, कबड्डी, अदिती-मृणाली, सगळं त्या क्षणाच्या अलीकडे राहणार, आणि पलीकडे आत्यासारखी गावच्या घराची मागची पडवी.

आत्या पडवीतच होती, चुलीपुढे. "काय गो भावी! एकटी? बापानं सोडली कशी तुला?"

भाविकाने उत्तर दिलं नाही. दार लोटलं आणि कुडता वर केला. "आते, बघ. तुझ्यासारखं आहे का?"

आत्या एकदम उठली. तिने चट्ट्यांकडे बघितलं, मग भाविकाच्या तोंडाकडे.

"खाजतंय?"

"खूप. वर्गात नीट बसवत नाही."

आत्याने नखाने करकचून चिमटा काढला.

"आई गं! आते!"

"लागला? लागला ना?" आत्या मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. "मंग तो न्हाय, बाय माजे. माझ्या चट्ट्याला कधी खाज न्हवती. चुलीतला निखारा पडला, मांस जळला, तवा वासानं कळला मना. तुला तर चिमटा सोसवत न्हाय! तरी डाक्टरला दाखव. पन हा दुसरा कायतरी हाय. बघ ना, इलॅस्टिक बसतो तिथंच कसा आलाय. रोगाला काय पट्टी लावून रेघ मारता येते?"

भाविकाने खाली वाकून बघितलं. खरंच, चट्टे कसे ओळीत होते. एवढे दिवस तिने ते बघितले होते, पण घाबरून, अर्ध्या डोळ्याने.

"पण आते, मी तर कॉटन घालते. पप्पांचंच. डब्यावर छापलंय."

"छापलाय. जाळून बघितलास?"

भिवंडीतल्या पोराला हे कोणी शिकवावं लागत नाही. सूत जळलं की कागदाचा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा काळा, टणक मणी होतो. गिऱ्हाइकाने आणलेलं कापड पप्पा स्वतः असंच काडी लावून बघायचे. पण घरच्या मालाला काडी कोण लावतं?

ती आत जाऊन अंगातला आतला कपडा काढून घेऊन आली. जांभळा. शिवणीतून दोरा ओढायला लागली तशी आत्या ओरडली, "शिलाईचा नको, तो पॉलिस्टरचाच असतो. कापडाचा काढ!" भाविकाने कापडाच्या काठाचा धागा उसवला आणि चुलीतल्या जळत्या काटकीला लावला. धागा आक्रसला, काळा धूर निघाला. तिने बोटांत धरून दाबला. टणक. गोल. तिने दुसरा जाळला, मग पट्टीचा, मग लेसचा. मणी, मणी, मणी.

सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पोटातून एकदम उसळलाच. पण लगेच दुसरी भीती वर आली, पहिलीपेक्षा वेगळी. हे पप्पांना कोण सांगणार?

आत्याने जुनं सुती लुगडं काढलं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं, आणि हातशिलाईने दोन कपडे शिवून दिले. नाडीचे.

"नाडीचे? आते, मी रेडला जाते! मध्येच सुटलं म्हणजे?"

"मंग दोन गाठी मार!"

ती दुपारी घरी पोचली तेव्हा पप्पा ओटीवर डबे रचत होते. "ये गो, कॅप्टन! परवा कल्याणचा शेठ येतोय. दिवाळीचा सगळा माल उचलतो म्हणाला." तिच्याकडे बघून ते असे हसले, की तिचे पाय उंबऱ्यातच अडकले. आता नको, उद्या सांगू. पण उद्या असं म्हणायला लागलं की उद्या काही येत नाही, एवढं तिला कळलं.

"पप्पा, मी प्रॅक्टिसला नव्हते गेले. दिघाशीला गेले होते, आत्याकडे."

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. आई दारात आली.

"मला चट्टे उठलेत," भाविका घाईघाईने म्हणाली, नाहीतर आवाज गेला असता. "आत्याला होतं ते नाही, तिने बघितलंय. आपल्या मालाने उठलेत. मी धागा जाळला, पप्पा. मणी झाला."

पप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "अगं, सगळेच तसं छापतात. धंदा हाय हा. आणि हे बाहेर बोलायचं न्हाय, कळलं? शेठ येऊन जाऊ दे आधी."

"भावी." आईचा आवाज इतका बारीक होता की दोघंही वळले. "खाजतात काय गो ते?"

"खूप."

आईचा हात आपोआप स्वतःच्या कमरेवर गेला आणि तिथेच राहिला. ती दाराच्या चौकटीला टेकली. "मना वाटलं, मनापण तोच रोग झालाय," ती म्हणाली. कुणाला सांगणार होती ती तरी? पप्पा आईकडे बघत राहिले, जणू तिला पहिल्यांदाच बघत होते.

भाविका पप्पांच्या आणि डब्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"मी हे घालणार नाही. आईपण नाही घालणार. तुमच्या लूमवर सुताचं कोरं कापड निघतं ना, बिनरंगाचं, ते मला द्या, आत्या शिवून देईल. आणि उद्या मी शाळेत जाणार नाही. मी आणि आई डॉक्टर बाईंकडे जाणार. त्यांनी विचारलं काय घालता, तर खरं तेच सांगणार, पप्पा."