अजीजच्या नावाचा घाट

बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावर ज्याचा आवाज लागल्याशिवाय गाड्याची बारी सुटत नाही असं लोक म्हणत, तो अजीज घरात मात्र फारसा बोलत नसे. जुन्नरच्या पेठेत त्याचं शेगड्या आणि कुलपं दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. एरवी तो तिथं खाली मान घालून बसलेला असे. जत्रांचा हंगाम आला की पांढरा सदरा अंगात चढवायचा आणि गावोगावच्या घाटावर माईक हातात घ्यायचा. कुणाच्या गाड्याला कुठली बैलं जुंपलीत, बैल कुठल्या बाजारात घेतला, मालकाच्या आज्याचं नाव काय, सगळं त्याला तोंडपाठ. गाडा सुटल्यापासून त्याला लागलेले सेकंद पुकारेपर्यंत हा माणूस श्वास कधी घेतो ते कळत नाही, असं गाडामालक कौतुकानं सांगत.

त्याची बायको खातून हिनं यातलं काही पाहिलेलं नव्हतं. तिच्या काळात बायका घाटावर जात नसत, आणि तिला बैलांची भीतीही वाटे. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की हंगाम संपला की नवरा आठवडाभर आल्याच्या काढ्यावर असतो आणि खुणांनी पाणी मागतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा आवाज बसला तो उठलाच नाही. आधी सगळ्यांनी धुळीवर ढकललं, मग बिडीवर. नारायणगावच्या डॉक्टरांनी घशात डोकावून पाहिलं आणि पुण्याची चिठ्ठी दिली. पुण्यात तुकडा काढून तपासला. तिथली डॉक्टरीण वयानं लहान होती, पण बोलणं सरळ. स्वरयंत्र काढावं लागेल, ती म्हणाली. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. लवकर केलं तर माणूस हाती लागेल. आवाज राहणार नाही.

सरकारी योजनेत ऑपरेशनचा बराचसा खर्च बसत होता. त्यानंतरचे किरणांचे शेक, औषधं, पुण्यात राहण्याची सोय हे काही बसत नव्हतं. मुलगी अर्शिया मंचरला दिलेली. जावई तालिब टेम्पो चालवायचा. त्यानं गाडीचे हप्ते पुढं ढकलून जमेल तेवढं दिलं. खातूननं बांगड्या मोडल्या. तरी निम्म्याहून जास्त खड्डा उरला.

गाडामालकांना सांगू, असं खातून म्हणाली, तर अजीज उखडला. ज्यांची नावं आपण माईकवरून मानानं घेतली, त्यांच्याच दारात हात पसरून उभं राहायचं नाही, एवढं त्यानं घोगऱ्या आवाजात ऐकवलं आणि दुकानाला निघून गेला.

खातूननं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती एसटी धरून एकटीच निरगुडसरला गेली. तिथले गेणभाऊ म्हणजे त्या भागातले जुने गाडामालक. त्यांच्या बैलांनी पहिला नंबर काढला नाही अशी जत्रा विरळच. त्यांनी तिला ओसरीवर बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग फोन काढून एकामागून एक पाचसहा मालकांशी ते बोलले. चहा संपेस्तोवर बेत ठरलाही होता. अजीजच्या नावानं एक दिवस घाट भरवायचा. बक्षीस कुणी घ्यायचं नाही. गाड्यांच्या प्रवेशाचे पैसे आणि घाटावर जमेल ते सगळं त्याच्या उपचाराला. परवानगीला महिना जाईल, पण होईल.

"फक्त एक हाय, भाभी," गेणभाऊ म्हणाले. "माईकवर अजीजभाईच पाहिजेत. ह्यो आवाज परत ऐकायला मिळायचा न्हाई म्हणल्यावर दोन तालुकं लोटत्याल."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. हिशेबही चुकीचा नव्हता.

घरी येऊन खातूननं सांगितलं. हात पसरला म्हणून नवरा चिडेल अशी तिची अटकळ होती. पण आपल्या नावानं घाट भरणार आणि आपणच तो गाजवणार हे ऐकून अजीजचा चेहरा पालटला. त्या दिवशी तो कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या. दुकानात तो पुटपुटत असायचा. गाडामालकांची नावं, बैलांची नावं. शेजारचे दुकानदार थांबून ऐकत.

खातूननं डॉक्टरणीला फोन लावला. महिनाभर थांबलं तर चालेल का, असं विचारलं. डॉक्टरीण म्हणाली की गाठ वाढते आहे, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करायचं ठरवलं आहे. महिना थांबलात तर मी कसलाच शब्द देऊ शकणार नाही.

फोन ठेवून खातून मोरीपाशी उभी राहिली. घासायची भांडी होती ती तिनं घासली. मग हात पुसून गेणभाऊंना फोन केला.

"ऑपरेशन आधी व्हनार, भाऊ. घाट मागून भरवा."

"त्यांच्याबिगर?"

"त्यांच्याबिगर."

"मग माणसं निम्मीबी यायची न्हाईत, भाभी. तुमच्या पदरात काय पडनार?"

"निम्मी तर निम्मी. मला माणूस पाहिजे."

शेवटी गेणभाऊ बरं म्हणाले.

अजीज दुकानातून आल्यावर तिनं त्याला सांगितलं. त्यानं पायातली चप्पलही काढली नव्हती. "माझ्या गळ्याचा सौदा तू परस्पर केलास," तो म्हणाला. तिनं डॉक्टरणीचं बोलणं सांगितलं. तारीख सांगितली. तो आत जाऊन झोपला.

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. गिऱ्हाइकांशी बोलायचा. फोनवर लेकीशी बोलायचा, नातवंडांना बैलांच्या गोष्टी सांगायचा. खातूननं जेवायला वाढू का विचारलं की मान हलवायचा. त्याच्या आवाजाचे हे शेवटचे दिवस आहेत हे दोघांनाही कळत होतं. एकदा तिच्या मनात आलं, माफी मागावी. पण कशाची, ते तिला ठरवता येईना. पुन्हा तसाच प्रसंग आला असता तर तिनं पुन्हा तेच केलं असतं. म्हणून ती त्याच्या कपड्यांची पिशवी भरत राहिली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला हिरवा झगा घालून ढकलगाडीवर झोपवलं. वॉर्डबॉय गाडी दाराबाहेर काढत होता. खातून बाजूनं चालत होती. अजीजनं मान वळवली.

"दुकानाची किल्ली कुनाकडं दिली?"

"तालिबकडं."

"बरं."

दार लागलं. पुढं पुष्कळ लोकांनी तिला विचारलं, अजीजभाई शेवटचं काय बोलले. एवढा बोलका माणूस, काहीतरी मोठं बोलला असेल असं त्यांना वाटे. खातून सांगे की अल्लाचं नाव घेतलं. लोकांना ते पटे.

ऑपरेशन नीट झालं. अजीज वॉर्डात पडून असे, गळ्याला नळी, हातात पाटी. पाटीवर तो लेकीसाठी लिहायचा, नर्ससाठी लिहायचा. खातूनला लिहिता-वाचता बेताचंच येई. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यानं तिच्याकडं पाटी फिरवली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, चहा. ती उठून डॉक्टरणीला विचारायला गेली. नाकातल्या नळीतूनच काय ते द्यायचं, तोंडानं इतक्यात नाही, असं उत्तर मिळालं. तिनं येऊन ते सांगितलं. त्यानं पाटी पुसली.

इकडं गेणभाऊंनी परवानगी मिळवली आणि चौकाचौकात फ्लेक्स लागले. मजकूर घाईत झाला होता. अजीजचा फोटो मधोमध, भोवती फुलांची चौकट, वर त्याचं नाव. अवसरीच्या एका माणसानं एसटीतून तो पाहिला आणि थेट अर्शियाच्या घरी सांत्वनाला गेला. त्याला चहा देऊन परत पाठवावं लागलं. अर्शियानं हे दवाखान्यात येऊन सांगितलं, तेव्हा अजीजचे खांदे हलू लागले आणि गळ्यातल्या नळीतून शिट्टीसारखा आवाज निघाला. नर्स धावत आली. तो हसत होता. फुलं काढून नवे फ्लेक्स लावले गेले.

माईकवर कोण, हा प्रश्न होताच. वारूळवाडीचे धर्माजी हे दुसरे निवेदक. एका जत्रेच्या सुपारीवरून त्यांचं आणि अजीजचं कितीतरी वर्षं वाकडं होतं. ते स्वतःहून गेणभाऊंकडं आले आणि बिदागी न घेता उभे राहतो म्हणाले. अजीजनं पाटीवर लिहून त्यांना एकच निरोप धाडला. बिचारा म्हणू नका.

घाटाच्या दिवशी खातून अर्शियासोबत निरगुडसरला गेली. मालकांच्या बायकांनी त्यांना मांडवात पुढं बसवलं. ऊन चढलं होतं, भंडारा उधळून जमीन पिवळी झाली होती. गर्दी होती, पण लोटली नव्हती. गेणभाऊंचा अंदाज बरोबर होता. धर्माजींचा आवाज जाड, एका पट्टीतला. त्यांच्याकडून नावं चुकत होती आणि लोक खालून ओरडून दुरुस्त करत होते. पण दिवसभरात त्यांनी एकदाही बिचारा म्हटलं नाही. आमचे अजीजभाई आजारी हायेत, बरे व्हत्याल, तोवर माझ्यावर भागवा, असंच ते म्हणत राहिले.

खातूननं पहिल्यांदाच बारी पाहिली. बैलांना वाट दाखवणारी घोडी पुढं, मागं बैल, धुळीचा लोट, आणि सगळं डोळ्याची पापणी लवेस्तोवर संपलेलं. एवढ्याशा वेळात नवरा काय काय बोलायचा, याचं तिला नवल वाटलं. पुढच्या बारीला ती कानानं बघू लागली. या जागी त्यानं मालकाचं नाव घेतलं असतं, इथं आज्याचं, इथं बैलाचं. एवढे शब्द त्यात मावतात हे तिला खरं वाटेना. अर्शियानं विचारलं, काय झालं. ऊन लागलं, ती म्हणाली.

जमलं त्यानं खड्डा भरला नाही. पुण्याच्या दवाखान्यातल्या समाजसेविकेनं एका ट्रस्टकडून शेकांचा खर्च मिळवून दिला. तरी राहिलं ते तालिब आणि खातून अजून थोडं थोडं फेडतात.

आता दीड वर्ष झालं. तपासण्या साफ येतात. अजीज गळ्याला रुमाल बांधून दुकानात बसतो आणि गिऱ्हाइकाला बोटांनी भाव दाखवतो. घाटावर तो जात नाही. गेणभाऊ दोनदा न्यायला आले, दोन्ही वेळा त्यानं हात जोडले. डॉक्टरणीनं त्याला हनुवटीखाली लावायचं एक मशीन दिलं आहे. ते लावून ओठ हलवले की शब्द येतात, पण सगळे एकाच सुरात, पिठाच्या गिरणीतून बोलल्यासारखे. लोकांसमोर तो ते खिशातून बाहेर काढत नाही.

घरात मात्र काढतो. परवा तो जेवता जेवता म्हणाला, भेंडीत मीठ जास्त झालंय. खातून म्हणाली, तुमच्या जिभेला सगळंच जास्त लागतं. तो म्हणाला, काल आमटीतही होतं. ती म्हणाली, मग उद्या तुम्हीच करा. मशीन पुन्हा हनुवटीला लागलं आणि तो बोलतच राहिला. जेवण थंड होईस्तोवर दोघांचं भांडण चाललं होतं.