दोन कॉइल आणि एकच बोल्ट

मित्रांनो, मी एक इग्निशन कॉइल आहे. जुनी असले तरी मोडीत निघालेली नाही, हे आधीच सांगून टाकते. बॅटरीचा मिळमिळीत करंट घ्यायचा, त्याची जोरदार ठिणगी करायची आणि ती स्पार्क प्लगपर्यंत पोहोचवायची, एवढंच माझं काम. गाडी छान धावली की लोक तिच्या रंगाचं कौतुक करतात, आणि बंद पडली की पहिला संशय माझ्यावर घेतात!

तांब्याच्या बारीक तारेचे वेढे अंगाभोवती घेऊन मी एका कारखान्यात जन्मले आणि पुढे एका टॅक्सीत इमानेइतबारे राबले. टॅक्सी भंगारात गेली तेव्हा वाटलं, संपला आपला खेळ. पण भंगारवाल्याच्या ढिगातून एका बाईने मला उचललं, फडक्याने पुसलं, मीटर लावून पाहिलं आणि म्हणाली, "हिच्यात अजून जीव आहे." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

ती गाड्यांचं वायरिंग करणारी इलेक्ट्रिशियन होती. तिचे सासरे शेतांवर औषध फवारणारी विमानं चालवून निवृत्त झालेले. गल्लीत सगळे त्यांना कप्तान म्हणत. घरामागच्या शेडमध्ये दोघं मिळून एक छोटं विमान बांधत होते. त्याला गाडीचं रोटरी इंजिन बसवलं होतं. अशा इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नसतात. एक तिकोनी रोटर गरगर फिरतो, आणि दोन स्पार्क प्लग पेट्रोल पेटवायला ठिणगी देतात.

"गाडी बंद पडली तर ढकलता येते. वर कोण ढकलणार?" असं कप्तान येताजाता म्हणायचे. म्हणून सूनबाईंनी दोन्ही प्लगांची व्यवस्था वेगळी ठेवली. एकाला मी, दुसऱ्याला माझी जोडीदारीण. बॅटऱ्या दोन, स्विचही दोन. एकीने दगा दिला तर दुसरीने विमान घरी आणायचं.

पण हाताला गाड्यांची सवय लागलेली. आम्हा दोघींच्या अर्थिंगच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारा सूनबाईंनी इंजिनावरच्या एकाच बोल्टाखाली आवळल्या. गाडीत तसंच करतात, आणि दिसतंही सुबक. तो बोल्ट सैल झाला तर आम्ही दोघीही एकदम गप्प होणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मला ते दिसत होतं, पण माझ्या तोंडाला शब्द कुठले!

कप्तानांनी विमानाचा स्क्रू न स्क्रू तपासला. फक्त वायरिंगचं झाकण उघडलं नाही. सुनेच्या कामात नाक खुपसलं तर तिचं मन दुखावेल, असं त्यांना वाटे. आणि तिला वाटे, एवढ्या अनुभवी माणसाला 'माझं काम जरा तपासा' म्हणून कसं सांगायचं? दोघांचा एकमेकांवर जीव होता, म्हणूनच ते झाकण बंद राहिलं. जमिनीवर एकेक स्विच बंद करून पाहिला, तर इंजिन दुसऱ्यावर मजेत चाललं. दोघंही खूश झाले.

उड्डाणाचा दिवस उजाडला. सूनबाई वायरलेस घेऊन धावपट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या. विमानाने पूर्ण जोर घेतला, चाकांनी जमीन सोडली, आणि त्या थरथरीत बोल्ट हळूहळू फिरू लागला. मित्रांनो, मी जीव तोडून ठिणगी देऊ पाहत होते आणि ती मधल्या मधे विझत होती. माझ्या जोडीदारणीचीही तीच गत. धुराच्या नळकांड्यातून फाड फाड बार निघू लागले. कप्तानांनी एक स्विच बंद करून पाहिला, मग दुसरा. काही उपयोग होईना.

"इंजिन अडखळतंय," ते वायरलेसवर म्हणाले. "समोर झाडं आहेत."

सूनबाईंनी कान देऊन ऐकलं. पेट्रोल कमी पडलं असतं तर आवाज विरत गेला असता. हे तर बार उडतायत, म्हणजे पेट्रोल आहे, ठिणगी नाही. पण दोन्हीकडची एकदम कशी जाईल? दोघींना सामाईक असं आहे तरी काय? आणि त्यांना तो एकच बोल्ट आठवला.

"बाबा, दोन्ही स्विच चालू ठेवा! थ्रॉटल थोडा मागे घ्या, इंजिनाचा जोर कमी करा!"

"मागे? अगं, वेड लागलं का तुला? खाली येईन मी!"

"बोल्ट सैल झालाय, बाबा. मीच लावलेला. थरथर कमी झाली की तार टेकेल. ऐका हो माझं!"

कप्तानांनी थ्रॉटल मागे ओढला. थरथर ओसरली, तारा बोल्टाला टेकल्या आणि आम्ही दोघींनी सपासप ठिणग्या दिल्या. झाडांचे शेंडे चाकांखालून निघून गेले. मोठा फेरा घेऊन विमान धावपट्टीवर उतरलं.

लोक धावत आले. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, "भंगारातली कॉइल विमानात लावतात का? फेकून द्या ती!"

सूनबाईंनी बोल्टाला चिमटीत धरलं. तो सहज फिरला. "कॉइलचा काही दोष नाही, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "बाबा, ओरडा ना मला."

"ओरडणार आहे. आधी मला खाली उतरू दे." मग ते हळूच म्हणाले, "झाकण उघडायला मला काय धाड भरली होती?"

आता आमचे बोल्ट वेगवेगळे आहेत. मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळच्या वेळी पुसा, आवळा, हे तर सांगायलाच नको. पण आपल्या माणसाने केलेलं कामही निःसंकोच तपासा, आणि आपलं त्याला तपासू द्या. एवढी माझी विनवणी आहे.

नव्याने जोडणी झाली तेव्हा सूनबाईंनी स्वतःच झाकण काढलं. "बाबा, एकेक तार ओढून बघा."

कप्तानांनी दोन बोटांनी, भीतभीत एक तार ओढली.

"असं नाही. माझी भीड धरू नका. जोरात!"

त्यांनी जोर लावला, आणि माझ्या जोडीदारणीची तार सुटून त्यांच्या हातात आली. ते कावरेबावरे होऊन सुनेकडे पाहू लागले. तिने पदराने डोळे पुसले आणि हसत पक्कड उचलली.

"बरं झालं, बाबा," ती म्हणाली. "आता पुढची ओढा."