येतो आम्ही

नवव्या दिवशी संध्याकाळी सहा ते सात नळाला पाणी येणार, आणि नेमका त्याच दिवशी चार वाजता अंगदच्या शेंद्र्यातल्या कंपनीनं जपानी पोरींच्या नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. दुष्काळाचं दुसरं वर्ष. तरी शहरात उड्डाणपूल आला, मॉल आला, आता जपानही आलं. पाण्याला तेवढी सवड होत नव्हती.

"साहेब पुढं बसणारैत. आपण नाय गेलो तर कसं दिसतं?" अंगद बायकोला म्हणाला.

सत्यशीलाला दिसत होता घरातला शेवटचा हंडा. मागच्या खेपेला टँकरचं पाणी पिऊन दोन वर्षांच्या श्रेयाला सलाइन लागलं होतं. "साडेपाचला उठायचं," अशी अट घालून ती निघाली.

हॉलच्या दारात प्रत्येकाला बटण दाबलं की रंग बदलणारी दिव्याची एक कांडी मिळाली. पोरी पाच, रंग पाच. जिची पाळी, तिचा रंग पेटवायचा आणि तिच्या नावानं ओरडायचं. बी.एस्सी. झालेल्या सत्यशीलाला हे शेवटपर्यंत जमलं नाही. करमाडहून आलेल्या सासूबाईंना, मनकर्णाबाईंना, पहिल्याच गाण्यात जमलं.

"लई उड्या मारायल्यात गं. जेवल्या असतील का?" त्या कांडी हलवत म्हणाल्या.

साडेपाचला पोरी ओळीनं वाकल्या आणि खास शिकून आलेल्या मराठीत म्हणाल्या, "येतो आम्ही."

सुटलो! सत्यशीलानं श्रेयाला कडेवर घेतलं. पण पाहुण्यानं येतो म्हणावं आणि आपण बरं म्हणावं, इतकी अडाणी माणसं इथं राहत नाहीत. अख्खा हॉल ओरडला, "बसा की वो! आत्ताच तर आलात!"

"च्या घेऊन जा!" मनकर्णाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर.

आता त्या पोरींची रीत अशी, की लोकांनी हाक मारली की परत येऊन गायचंच. त्या आल्या, गायल्या, वाकल्या. "येतो आम्ही."

"असं कसं!"

पुन्हा आल्या. दोन्हीकडची माणसं भलतीच सभ्य.

"अहो, सहा वाजून दहा झाले."

"कुणीच उठलं नाय अजून. साहेब बघायलेत."

चौथ्यांदा वाकताना पिवळ्या झग्यातल्या पोरीनं बरगडी दाबून धरली. "येतो आम्ही," ती कशीबशी म्हणाली. हॉलनं श्वास भरून घेतला. त्याआधीच सत्यशीला उभी राहिली.

"या बरं पोरींनो! सांभाळून जा!"

वर गेलेल्या कांड्या खाली आल्या. पोरींबरोबरच्या दुभाष्यानं त्यांना अर्थ सांगितला. बरगडी धरलेली पोर सत्यशीलाकडं बघून कमरेत दुमडली, आणि कुणाला आणखी आग्रह सुचायच्या आत पाचही जणी पडद्याआड पळाल्या.

रिक्षात अंगद म्हणाला, "उद्या साहेबांना काय तोंड दाखवू?"

"पाहुण्याला असं घालवत्यात व्हय?" मनकर्णाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि अबोला धरला.

घर गाठलं तेव्हा सातला दहा कमी होते. धार करंगळीएवढी, पण होती. सत्यशीलानं हंडा लावला. तो भरत आला तशा सासूबाई न बोलता बादली घेऊन आल्या, मग पातेलं, मग तांबे, आणि शेवटी श्रेयाची दुधाची वाटीसुद्धा त्यांनी सुनेच्या हातात दिली.