मागच्या बाकांसाठी आणलेला माईक

मी एक जुना माईक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे, बटण घट्ट झाले आहे, आणि प्रार्थनागृहाच्या कपाटात फुटक्या फुलदाण्यांच्या शेजारी मी पडून असतो. रविवारच्या शाळेत नाटुकले बसवायचे असले की तुम्ही मला बाहेर काढता. मित्रांनो, तुमच्या हातात मी खोटा माईक असतो, पण एके काळी मी अगदी खरा होतो आणि माझा तोराही तसाच होता.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. शेवटी तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्यात "एक, दोन, तीन" म्हटले, मान डोलावली आणि मला खोक्यात भरले, एवढेच लक्षात आहे. इथे उपासनेला जमणाऱ्या मंडळीने मला आणले ते मागच्या बाकांसाठी. प्रार्थनागृह म्हणजे पूर्वीचे गोदाम. वर पत्रे, पंख्यांची घरघर, आणि पाळकांचा आवाज मुळातच बारीक. मागे बसणाऱ्या म्हाताऱ्यांना अर्धाच उपदेश ऐकू यायचा आणि उरलेला ते आपापल्या सोयीने जुळवून घ्यायचे. मी आलो आणि त्यांची ती सोय गेली.

माझ्यातून शास्त्रवाचन झाले, लग्नाची वचने झाली. एका नवरदेवाचे "होय" इतके दबके होते की पाळकांनी मला त्याच्या ओठांनाच टेकवले. देवाने आपल्यासाठी काय केले याची साक्ष द्यायला लोक यायचे. दारू सुटल्याची साक्ष देताना एका रंगाऱ्याने मला असे आवळले की मीच करकरू लागलो. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला. साक्षीनंतर प्रार्थनेचे विषय घेतले जायचे. ज्याच्या मनावर जे ओझे असेल ते त्याने माझ्यासमोर सांगायचे आणि मग सर्वांनी मिळून ते देवापुढे ठेवायचे. मोठ्याने सांगितले की दुःख हलके होते, असे मंडळीला वाटायचे. मलाही वाटायचे.

माझा सर्वांत लाडका माणूस म्हणजे बेकरीवाला. गाण्याची पहिली ओळ तोच उचलायचा. पहाटेची भट्टी उरकून थेट यायचा, त्यामुळे त्याच्या बोटांना पावाचा वास असे. उपासना संपली की माझी वायरही तोच गुंडाळायचा, एकही पीळ न पडू देता, बाळाच्या कपड्यांची घडी घालावी तितक्या हळुवारपणे. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती आणि दुखणे काही हटत नव्हते. तिला उपासना ऐकता यावी म्हणून पाळकांच्या पत्नी, म्हणजे पाळकबाई, सुरुवातीलाच तिला फोन लावायच्या आणि तो चालू फोन रबराने माझ्या स्टँडला बांधायच्या. तिकडे बेकरीच्या वरच्या खोलीत तिची बहीण आपला फोन तिच्या उशीवर ठेवायची. दर रविवारी मंडळी तिला बरे वाटावे म्हणून प्रार्थना करायची आणि शेवटी फोनमधून तिचे बारीकसे "आमेन" यायचे. एवढ्या आवाजांत ते फक्त मला ऐकू यायचे.

एका रविवारी उपासना संपल्यावर सगळे चहाला बाहेर गेले. पाळकबाई फोन सोडवून घेऊन गेल्या होत्या. बेकरीवाला वायर गुंडाळत होता आणि औषधांच्या दुकानाचे मालक गीतांची पुस्तके गोळा करत होते. मंडळीतली वडीलधारी असामी. सगळे त्यांना दादा म्हणत. मनाने अतिशय भले. कोणाला ताप आला की दुकानातली गोळी घेऊन हे दारात हजर.

बेकरीवाल्याने माझे बटण अंगठ्याने चाचपले.

"बंद आहे ना?"

"बंदच आहे. का रे?"

"दादा, ती बरी होऊ दे असं माझ्याच्यानं मागवत नाही आता. कूस बदलताना ती ओठ चावते, पण आवाज करत नाही. मी म्हणतो, देवा, ने तिला. कधीकधी तेही म्हणवत नाही, नुसता भट्टीसमोर बसून राहतो. आणि इथं येऊन गाणी म्हणतो."

दादांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिला कळू देऊ नका," बेकरीवाला म्हणाला.

"वेडा आहेस का," दादा म्हणाले.

पुढच्या रविवारी प्रार्थनेच्या विषयांची वेळ आली, तेव्हा दादा उठून पुढे आले. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले.

"आपल्या बेकरीवाल्या भावासाठी आज विशेष प्रार्थना करू या. त्याचा विश्वास खचलाय. बायको बरी व्हावी असं मागणंसुद्धा त्यानं सोडलंय. 'देवा, ने तिला' म्हणतो बिचारा. आपण त्याला उचलून धरायला हवं."

मित्रांनो, ते अगदी मायेने बोलले. त्यांच्या तळव्यांना घाम आला होता, तो मला कळत होता. स्टँडवरचा फोन त्यांच्या नाकासमोर होता, पण दर रविवारी दिसणारी वस्तू दिसेनाशी होते. मला वाटले, आत्ताच्या आत्ता माझी वायर तुटावी, वीज जावी, काहीही व्हावे. पण माईकला तशी मुभा नसते. जे येईल ते मोठे करून पुढे द्यायचे.

बेकरीवाला पहिल्याच बाकावर होता. तो उठला. दादांकडे त्याने पाहिलेही नाही, तो फोनकडे पाहत होता. मग पाळकबाईंच्या ध्यानात आले आणि त्या धावत येऊन रबर ओढू लागल्या. बाकावरचा कोट तसाच टाकून बेकरीवाला बाहेर पडला. त्या दिवशी फोनमधून "आमेन" आले नाही.

नंतर तो उपासनेला आला नाही. माझी वायर कोणीही कशीही गुंडाळू लागले आणि तिला गाठी पडल्या. चहाच्या वेळचे बोलणे माझ्या कानावर यायचे. लोक पाव घ्यायला जायचे आणि पावाबरोबर त्याला उपदेश देऊन यायचे. एक बाई तर म्हणाल्या, नवऱ्याचाच विश्वास डळमळला, मग तिला गुण कसा येणार? त्या बाई वाईट नव्हत्या. म्हणून मला जास्तच वाईट वाटले.

काही महिन्यांनी ती गेली. अंत्यविधीच्या वेळी बेकरीवाला शेवटच्या बाकावर बसला. गाणे दुसऱ्याच कोणी उचलले. त्याचे ओठ हलले नाहीत.

त्यानंतर एका दुपारी तो आपला कोट न्यायला आला. दादांनी तो खुंटीला नीट अडकवून ठेवला होता. प्रार्थनागृहात दुसरे कोणी नव्हते.

"माझं चुकलं," दादा म्हणाले. "मला वाटलं, सगळे मिळून मागू."

"मला विचारायचं तरी होतं, दादा."

दादांनी कोट काढून त्याच्या हातात दिला आणि दोघे माझ्यासमोरच्या बाकावर टेकले.

"त्या दिवशी घरी पोचलो तर ती म्हणाली, 'मीसुद्धा तेच मागत होते. पण तुम्ही सगळे इतक्या मोठ्यानं उलटं मागत होता, म्हणून गप्प राहिले.'"

"मग देवानंच तुमच्या दोघांचं मन मोकळं केलं म्हणायचं," दादा घाईघाईने म्हणाले.

"ती खरं बोलली, की मला बरं वाटावं म्हणून बोलली? तिला विचारायचा धीर झाला नाही. आता कोणाला विचारू?"

दादा म्हणाले, "प्रार्थना करू या?" आणि सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला.

बेकरीवाल्याने वर पाहिले. "बंद आहे ना?"

दादा उठले. त्यांनी माझी वायर भिंतीतून उपटून काढली आणि तिचे टोक आणून त्याच्या मांडीवर ठेवले. बेकरीवाल्याने डोळे मिटले नाहीत, हातही जोडले नाहीत. तो एकेक गाठ सोडवू लागला. दादा शेजारी बसून राहिले. ती प्रार्थना होती की नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही.

मित्रांनो, मला मागच्या बाकांसाठी आणले होते. देवासाठी नव्हे. त्याला कुजबुजही ऐकू येते, असे तुम्हीच गाता ना? म्हणून कोणी आपले दुःख तुमच्या कानात ठेवले तर ते तिथेच जपा. प्रार्थनेसाठीसुद्धा ते चारचौघांत न्यायचे असेल, तर आधी त्याला विचारा.

आणि नाटुकले संपल्यावर माझी वायर कोंबू नका. ती कशी गुंडाळायची ते शेवटच्या बाकावर बसणारे पिकल्या केसांचे गृहस्थ तुम्हाला दाखवतील. ते अजूनही गात नाहीत, पण येतात. त्यांना वायरीचे तेवढे विचारा. बाकी काही विचारू नका.