राख लावलेली ज्वारी

पावसाची झड लागून आठवडा होत आला होता. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आजूबाजूच्या शेतांत पाय ठरत नव्हता, त्यामुळे निंदणाचं कामही बंद पडलं होतं. रोजच्या मजुरीवर ज्यांची चूल पेटायची, ती बौद्ध वस्तीतली घरं आता विहारातल्या कोठीकडे पाहू लागली होती.

कोठी म्हणजे पत्र्याचं एक मोठं पिंप. वस्तीतल्या बायकांनी ते दोन वर्षांपूर्वी विहाराच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. दळण काढताना प्रत्येक घरानं मूठभर ज्वारी बाजूला ठेवायची, पौर्णिमेला ती पिंपात आणून टाकायची, आणि ज्याच्या घरी नड असेल त्यानं तिथून न्यायची. परत दिलं तर ठीक, नाही दिलं तरी कुणी विचारायचं नाही. पिंपाची किल्ली कुसुमकडे असायची. तिचा नवरा प्रकाश नगरपालिकेत नोकरीला होता, पगार दर महिन्याला येत होता, म्हणून बायकांनीच म्हटलं होतं की किल्ली भरल्या घरात असलेली बरी. कुसुमच्या जोडीला शकुंतलाबाई असायच्या. त्या वयानं मोठ्या, एकट्या राहायच्या, विहाराला लागूनच त्यांची खोली होती.

त्या झडीत पिंपाचा तळ दिसू लागला आणि नेमकं तेव्हाच अर्धं पोतं ज्वारी आली. रामाकोन्याच्या रस्त्यावर भगवंतरावांचा संत्र्याचा बगीचा होता. वस्तीतली शोभा तिथं कामाला जायची. काम आहे का म्हणून विचारायला ती पावसात गेली, तेव्हा भगवंतरावांची बायको पंचफुला हिनं तिला सहज विचारलं, घरी काय रांधलंस. शोभाला खोटं बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पंचफुलाचा गडी बैलांच्या रेंगीतून पोतं घेऊन विहारापाशी आला. गावातल्या शेतकरी घरातून कोठीत धान्य यायची ती पहिलीच वेळ होती.

"घेऊ का जी?" कुसुमनं शकुंतलाबाईंना विचारलं.

"घे. पोटाले कुठं जात समजते."

ज्वारी धुऊन चुलीपाशी वाळवलेली दिसत होती, तरी थोडी ओलसरच होती. दाण्यांवर कुठं कुठं करडा रंग राहिला होता आणि वासही जरा उग्र येत होता. "राख लावून ठेवलेली असन," शकुंतलाबाई म्हणाल्या. कीड लागू नये म्हणून धान्याला राख लावायची पद्धत सगळ्यांनाच ठाऊक होती. पोत्याचा वास लागला असेल असं कुसुमला वाटलं. त्याच सकाळी दोघींनी मिळून मापानं ज्वारी वाटली. शोभा सगळ्यांत आधी आली होती. ओल्या पदराखाली टोपलं झाकून ती हसत गेली.

दुपारी कुसुम विहाराची ओसरी झाडायला परत आली. पायरीजवळ शकुंतलाबाईंची एक कोंबडी पाय ताणून पडली होती. दुसरी मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरत होती, मध्येच पडत होती, पुन्हा उठत होती. ओसरीवर सकाळी सांडलेले दाणे होते, त्यातले बरेचसे टिपून झाले होते.

कुसुमच्या हातातला झाडू खाली गेला. मग तिनं वाकून एक दाणा उचलला, बोटांनी चोळला आणि नाकाशी धरला. ही राख नव्हती. राखेला असा वास नसतो.

"शकुंतलाबाई," तिनं हाक मारली.

शकुंतलाबाई बाहेर आल्या, कोंबड्यांकडे पाहिलं आणि दाराचा खांब धरून उभ्या राहिल्या.

"तुम्ही घरोघर जा. ज्वारी कोणी शिजवू नका म्हणा, जशी आहे तशी वापस आणा म्हणा."

"आन् तू?"

"मी शोभाकडं जातो."

कालपासून लाईट गेलेली होती. चक्की बंद होती, म्हणून बाकी घरांचं दळण अजून व्हायचं होतं. एवढं एक तिच्या ध्यानात आलं आणि त्याच वेळी दुसरंही ध्यानात आलं, की शोभाच्या घरी दगडी जातं आहे. चिखलातून पळताना तिची चप्पल रुतली, ती तिनं तिथंच सोडली. देवा, अजून दळलं नसावं, असं ती म्हणत होती. कुठल्या देवाला म्हणत होती ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

शोभाच्या दारात पोचताच तिला शिजलेल्या ज्वारीच्या कण्यांचा वास आला. चुलीवरच्या भगुण्यात तळाशी थोड्याच उरल्या होत्या. शोभा भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर पाच वर्षांची उर्मिला ओकत होती.

"सकाळपासून उपाशी होती, एकदम खाल्लं म्हणून असं झालं असन," शोभा म्हणाली. "माह्यंही डोकं फिरून राहिलं."

"श्रावणभाऊनं खाल्लं का?"

"नाही. ते मागून जेवतो म्हणे."

श्रावण, शोभाचा नवरा, मागच्या बाजूला गळतीखाली भांडी लावत होता. तो आत आला तेव्हा उर्मिलाचा एक हात झटके देऊ लागला होता. लहान मूल झोपेत दचकतं तसा तो हात उडत होता, पण थांबत नव्हता. कुसुमनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. धरूनही तो उडतच राहिला.

"ज्वारीत काही होतं, भाऊ. दवाखान्यात चला, बसू नका."

श्रावणनं पोरीला खांद्यावर घेतलं. शेजारचा हिरामण धावत आला आणि त्यानं शोभाला धरलं. ओल्या पोत्यांच्या खोळी डोक्यावर घेऊन ते सगळे सरकारी दवाखान्याच्या वाटेला लागले. वाटेत हिरामणनं विचारलं, "ज्वारी कोणाची?"

कुसुमनं सांगितलं.

हिरामणनं शोभाला नीट सावरून धरलं. मग म्हणाला, "आजवर दाणा देल्ला नाही त्या लोकायनं. आत्ताच काहून देल्ला?"

तो कसल्या अर्थानं बोलतो आहे ते कुसुमला कळलं. पोरीला काही झालं तर हेच वाक्य संध्याकाळपर्यंत घराघरात जाईल. मग काठ्या निघतील. इकडून निघतील तशा तिकडूनही निघतील.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोघींना आत घेतलं. पोट धुवायची नळी पाहून शोभा लेकीचं नाव घेऊ लागली. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी कुसुमलाच विचारलं, "अनाज में कौन सी दवाई मिली थी? नाम मालूम हो तो इलाज ठीक से होगा. डिब्बा मिल सकता है?"

"बघतो जी," कुसुम म्हणाली, आणि पुन्हा पावसात निघाली.

रामाकोन्याचा रस्ता तिनं कितीदा तरी तुडवला होता, पण भगवंतरावांच्या दारात ती कधी उभी राहिली नव्हती. तिथं जाऊन काय म्हणायचं ते जुळवत ती चालत होती आणि ते जुळत नव्हतं. तुमच्या ज्वारीनं माणसं मरून राहिली, असं कसं म्हणायचं. ते म्हणाले, आमची ज्वारी नव्हतीच, तर? कुत्रं अंगावर घातलं तर? आणि ती परत जाईपर्यंत उर्मिलाचा हात उडायचा थांबला असेल, तर तो कशानं थांबला असेल? हा शेवटचा विचार आला की ती पळू लागायची.

भगवंतराव ओसरीत दोर वळत बसले होते. कुसुमला पाहून त्यांनी दोर खाली ठेवला.

"काय हो बाई?"

"पंचफुलावहिनी आहेत का?"

पंचफुला हात पुसत बाहेर आली. कुसुमनं एका दमात सगळं सांगितलं, कोंबड्यांपासून दवाखान्यापर्यंत. सांगता सांगता तिनं पंचफुलाचा चेहरा पाहिला आणि तिला उमगलं की हिला काहीच माहीत नाही.

"माडीवरच्या पोत्यातली होती," पंचफुला म्हणाली. "पेरणीची उरलेली. राख लावलेली म्हणून मीनं दोन पाण्यानं धुतली, चुलीपाशी वाळू घातली." मग ती नवऱ्याकडे वळली. "राखच होती ना ते?"

भगवंतराव उठून उभे राहिले होते. त्यांचा रंग उतरला होता.

"औंदा राख नव्हती लावली. पावडर आणली होती दुकानातून. त्यानं सांगितलं, बियाण्याले कीड लागत नाही."

"मले सांगितलं का तुम्ही?"

"तू त्या पोत्याले हात लावशीन असं वाटलं का मले?"

"डबा पाहिजे," कुसुम मध्येच म्हणाली. "डॉक्टर नाव विचारून राहिले. पोरीचा हात सारखा उडून राहिला, भाऊ."

भगवंतराव जागचे हलले नाहीत. "पोलिसात जाईन हे. माह्यं नाव लागन. मी काय मुद्दाम केलं?"

पंचफुला त्यांच्या बाजूनं आत गेली. माडीवर सामान सरकवल्याचा आवाज आला. ती खाली आली तेव्हा तिच्या हातात पत्र्याचा डबा होता आणि त्याच्यावर लाल रंगात कवटी होती. तो तिनं पदरात गुंडाळला आणि पायरी उतरली.

"तू कुठं चालली?" भगवंतरावांनी विचारलं.

"शोभा माह्या वाडीत काम करते. दवाखान्यात जातो."

दोघी बाया पावसात चालू लागल्या. पंचफुला दोनदा घसरली, कुसुमनं तिला हात दिला. मग पंचफुला म्हणाली, "माह्यावर धावून येतील का लोक?"

कुसुमला नाही म्हणायचं होतं. "माह्या मागं राहा," ती एवढंच म्हणाली.

दवाखान्याच्या दारात वस्तीतली माणसं जमली होती. पंचफुलाला पाहताच हिरामण पुढं आला. त्याचे डोळे लाल झाले होते. कुसुम त्याच्या समोर उभी राहिली.

"बाजूला व्हा, वहिनी."

"हिरामणभाऊ, डबा घेऊन आली ते. घरचे नाही म्हणत असताना आली. आधी डबा डॉक्टरले जाऊ दे, मग काय करायचं ते माह्यासोबत कर."

हिरामण हलला नाही. पण आतून श्रावण बाहेर आला, त्यानं डबा घेतला आणि आत पळाला. तो पळालेला पाहून बाकीचे आपोआप बाजूला झाले. हिरामणही झाला.

डॉक्टरांनी डब्यावरचं नाव वाचलं. नंतर त्यांनी सांगितलं की धान्य धुतलेलं होतं म्हणून विष बरंच कमी झालं, पण पोरगी लहान आहे, आत्ताच काही सांगता येत नाही. उर्मिलाला झटके येत राहिले. प्रत्येक झटक्याला खाटेचा लोखंडी पाय फरशीवर वाजायचा आणि बाहेर बसलेले सगळे दाराकडे पाहायचे. पंचफुला भिंतीशी डोकं टेकून बसली होती. कुणी तिच्याशी बोललं नाही, कुणी तिला जा असंही म्हटलं नाही. संध्याकाळी भगवंतराव रेंगी जुंपून आले आणि फाटकाबाहेर पावसातच उभे राहिले. आत यायचं धाडस त्यांना झालं नाही.

सकाळी उर्मिलानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. शोभा आदल्या रात्रीच सावरली होती. ती लेकीच्या उशाशी बसून रडली, आणि तिला पाहून श्रावण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

परत आलेली सगळी ज्वारी शकुंतलाबाईंनी आणि कुसुमनं खोल खड्डा करून पुरली. त्यानंतर कोठीकडे कुणी फिरकेना. पौर्णिमा आली तरी पिंपात मूठभरही पडलं नाही. कुसुमला घरचं पीठ मळतानाही वास घ्यायची सवय लागली. प्रकाश म्हणाला, "किल्ली देऊन टाक कोणाले तरी. तुह्यानं झोपणं होऊन नाही राहिलं." तिलाही तसंच वाटत होतं. पण किल्ली घ्यायलाही कुणी तयार नव्हतं.

मग एका सकाळी पंचफुला स्वतः विहाराच्या पायरीशी आली. डोक्यावर टोपलं होतं. "घरच्या खाण्याची आहे. मी स्वतः कणगीतून काढली."

कुसुमचे हात पुढं झाले नाहीत. "सध्या नको, वहिनी," ती म्हणाली.

पंचफुलानं मान हलवली. टोपलं खाली ठेवून ती पायरीवरच बसली. गेली नाही.

तेवढ्यात शोभा आली. तिच्या हातात रिकामं टोपलं होतं. पाऊस थांबला होता, पण काम अजून लागलं नव्हतं. तिनं पंचफुलाकडे पाहिलं, ज्वारीकडे पाहिलं.

"हे काहून घेतलं नाही?" तिनं कुसुमला विचारलं.

"मले भेव वाटते, शोभा. तुले नाही वाटत?"

"वाटते ना. माह्या हातानं भरवलं होतं मीनं तिले ते. आता घास देताना हात कापते." शोभानं टोपलं खाली ठेवलं. "पण घरी काहीच नाही, बाई. पोरगी पुन्हा उपाशी आहे."

कुसुम टोपल्यापाशी बसली. मग तिनं मूठभर घेऊन उजेडात धरली, चोळली, वास घेतला, पंचफुलाला घ्यायला लावला, शकुंतलाबाईंना घ्यायला लावला. शकुंतलाबाईंच्या जात्यावर ती भरडली आणि त्यांच्याच चुलीवर कण्या शिजवल्या. पहिला घास कुसुमनं घेतला. पंचफुलानं न विचारता ताट पुढं केलं आणि तीही जेवली. दोघी समोरासमोर बसून एकमेकींच्या तोंडाकडे पाहत होत्या. शोभा दाराशी बसून दोघींकडे पाहत होती.

उन्हं कलेपर्यंत त्या तशाच बसल्या. काही झालं नाही. तरी कुसुमची भीती जात नव्हती. अखेर तिनं शोभाचं टोपलं जवळ ओढलं आणि माप भरलं. ओतताना थोडी ज्वारी बाहेर सांडली. शोभानं ती दाणा न् दाणा वेचून टोपल्यात टाकली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि घरी निघाली.