अमाचा कोपरा

ईस्टरच्या सकाळी तेन्चानं सगळ्यात आधी मिरच्या भिजत घातल्या, कारण मिरच्यांना घाई चालत नाही. सुक्या लाल मिरच्यांची देठं मोडायची, बिया झटकायच्या, तव्यावर नुसता वास सुटेपर्यंत भाजायच्या आणि गरम पाण्यात पाऊण तास पडू द्यायच्या. जरा जास्त भाजल्या की रस्सा कडू झालाच. आणि कडू रश्शाचं कॅसरोल, म्हणजे थर लावून भट्टीत भाजलेलं जेवण, अमा एक शब्द न बोलता खायची. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

अमा म्हणजे तेन्चाची आई, वय वर्षं एक्याऐंशी, कानांनी अधू आणि जिभेनं धडधाकट. तेन्चा स्वतः शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरांना जेवू घालायची. पण तिथलं जेवण डब्यांत बंद होऊन यायचं आणि डब्यातलं कुणीही गरम करू शकतं, असं तिचं ठाम मत होतं. घरी मात्र ती कुणाला पळीला हात लावू द्यायची नाही. काचेच्या मोठ्या भांड्याच्या तळाशी रस्सा, त्यावर मक्याच्या पोळ्यांसारखे तोर्तिया, तेही गरम तेलातून जेमतेम काढलेले, नाहीतर भिजून त्यांचा लगदा होतो. मग जिरं-लसणावर परतलेला बीफचा खिमा, मग चीज, पुन्हा तोर्तिया, पुन्हा रस्सा. असे चार थर.

आणि एका कोपऱ्यात खिम्याऐवजी काळे बीन्स. तो कोपरा अमाचा. थर लावताना तेन्चा मध्ये फॉइलची घडी भिंतीसारखी उभी करायची, शेवटचं चीज पसरायच्या आधी ती ओढून काढायची आणि खूण म्हणून त्या कोपऱ्यावर तीन ऑलिव्ह ठेवायची. अकरा वर्षांत ही खूण कधी चुकली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी तेन्चाचे वडील गेले. तिचा धाकटा भाऊ एलिसेओ, घरातला चेओ, दफन उरकल्यावर पोचला, तोही पिऊन तर्र. अमाला लोकांनी गाडीत नेऊन बसवलं होतं. तेन्चा कबरीशी उभी होती. तिनं भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आज आम्ही चुकीचा माणूस पुरला. या पेटीत तू हवा होतास." चेओनं टोपी काढली, परत घातली आणि चालू लागला. हायवेपर्यंत तो चालत गेलेला लोकांनी पाहिला, पुढे त्याचं काय झालं कुणालाच ठाऊक नव्हतं.

अमाला तेन्चानं सांगितलं की बापाचं जाणं त्याला सोसलं नाही. अमानं ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात मारियामातेपुढे मेणबत्ती लावून नवस बोलली. चेओ माझ्या घरात पाऊल ठेवीपर्यंत बीफ तोंडात घालणार नाही. दक्षिणेकडच्या गुरांच्या त्या मुलखात लग्नाला बीफ, बाप्तिस्म्याला बीफ, मयतालाही बीफच. तिथं असा नवस बोलायला छाती लागते. तेन्चा दर रविवारी त्या कोपऱ्यात बीन्स भरायची आणि भरताना तिला स्वतःची किळस यायची. तिला एकच हवं होतं, की चेओ जिवंत असावा आणि एकदा समोर यावा, म्हणजे ते वाक्य परत घेता येईल. आणि एकच भीती होती, की ते वाक्य अमाच्या कानावर जाईल.

यंदा जेवायला तेन्चाचा मुलगा आबेल आणि त्याची नवी बायको किर्स्टन आली होती. किर्स्टन दूर उत्तरेकडची, मिनेसोटाची, सासूला सरळ नावानं हाक मारणारी. पोरगी कामाला वाघ होती, आणि गोची नेमकी तिथंच होती. रिकामं बसणं तिला माहीतच नव्हतं. तिचं चर्च वेगळं, म्हणून बाकीचे प्रार्थनेला निघाले तेव्हा ती घरी थांबली.

"मी काय करू, तेन्चा?"

"काही करू नकोस. घड्याळ बघ आणि साडेबाराला भट्टी बंद कर."

"एवढंच?"

"एवढंच. देवाशपथ, हात लावू नकोस."

परत आल्यावर अंगणात रिवाजाप्रमाणे रंगीत अंडी फुटली. अंड्यांच्या टरफलांत कागदाचा चुरा भरलेला, ती एकमेकांच्या डोक्यावर फोडायची. आबेलनं आजीच्या डोक्यावर हळूच फोडलं, आजीनं त्याच्या डोक्यावर जोरात. हसत हसत सगळे आत आले, तेव्हा कॅसरोल टेबलावर मांडलेलं होतं आणि त्यावर ऑलिव्हच ऑलिव्ह होते. किर्स्टननं अख्खा डबा रिता केला होता.

"तीनच होते हो बिचारे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचे संपले असतील."

तेन्चाची खूण त्यात हरवली होती. पण कोपरा तर तिला पाठ होता, दाराकडचा, उजव्या हाताचा. तिनं तोच कापला, अमाच्या ताटात वाढला आणि मग बाकीच्यांना वाढलं. अमानं क्रूसाची खूण केली आणि काट्यानं खायला सुरुवात केली.

थोडा वेळ नुसते काटे वाजत होते. चांगल्या जेवणाला असंच होतं. मग किर्स्टननं काट्यानं आपला तुकडा उचकला.

"तेन्चा, मला बीन्सच आवडतात, राग मानू नका. पण यात मांस नसतं का?"

तेन्चानं तिच्या ताटात पाहिलं. काळे बीन्स, चारही थरांत.

"भांडं फिरवलंस?"

"हो, मागची बाजू जास्त लाल व्हायला लागली होती. आमच्याकडे नेहमी फिरवतात."

तेन्चानं मान वळवली. अमाचा तुकडा निम्मा संपला होता. उरलेल्या निम्म्यातून खिमा चक्क दिसत होता आणि अमा सावकाश चावत होती. अकरा वर्षांचा नवस तेन्चानं स्वतःच्या हातानं मोडला होता. चेओला घालवलं तिनं, आणि तो परत यावा म्हणून म्हातारीनं जे धरून ठेवलं होतं तेही तिनंच मोडलं. आबेलच्याही लक्षात आलं होतं. त्याचा काटा तोंडापर्यंत येऊन थांबला होता.

गप्प बसावं, असं तेन्चाच्या मनात आलं. ताट उचलावं, थंड झालं म्हणून दुसरं वाढावं. म्हातारीला दिसतं कमी, ऐकू येतं कमी. ती उठलीसुद्धा.

"आण इकडे, गरम करून देते," ती म्हणाली.

"गरमच आहे," अमा म्हणाली. "ताटाला हात लावू नकोस. आणि अजून एक वाढ, याच बाजूचं."

"अमा, त्यात..."

"काय आहे ते मला कळतं. दात गेलेत माझे, जीभ जागेवर आहे." तिनं ओठ पुसले. "जिरं जरा कमी पडलंय."

तेन्चा खुर्चीवर बसली. बसली म्हणजे पडलीच.

"तुझा नवस, अमा."

"फिटला."

"कधी?"

"फेब्रुवारीत. तू कामावर होतीस." अमानं पाण्याचा घोट घेतला. "सकाळी दहाला दार वाजलं. मला वाटलं गॅसवाला. चेओ उभा होता. पार वाळलाय, पण शुद्धीत होता. दोन वर्षं झाली म्हणे, थेंबाला शिवला नाही."

आबेलनं काटा खाली ठेवला. किर्स्टनला निम्मंच कळत होतं, पण तीही हात मांडीवर घेऊन बसली.

"जिवंत आहे," तेन्चा म्हणाली. विचारलं की सांगितलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"जुन्या पाणटाकीपाशी टायरवाल्याकडे कामाला आहे. त्याच्याच मागे चाकांवरच्या घरात, ट्रेलरमध्ये राहतो."

दहा मैल. तेन्चा दर शनिवारी त्या रस्त्यानं बाजारात जायची. मागच्याच महिन्यात तिनं तिथं हवा भरून घेतली होती.

"फेब्रुवारीपासून? आणि तू मला बोलली नाहीस?"

"वचन घेतलं त्यानं. तेन्चाला सांगू नकोस म्हणाला. तुझी गाडी निघाली की येतो, तू यायच्या आत जातो." अमाचा आवाज जरा उतरला. "बीफ मी त्याच दिवशी खाल्लं असतं. पण मी खाल्लं की तू विचारणार. म्हणून गिळत बसले तुझे बीन्स. आज पहिला घास गेला आणि म्हटलं, पुरे. ईस्टरला मारियामातेच्या नावानं खोटं किती बोलू?"

"मला का सांगायचं नाही? त्यानं काय सांगितलं तुला?" तेन्चानं विचारलं. अकरा वर्षं जी भीती होती ती आता टेबलावर येऊन बसली होती.

"त्यानं काही सांगितलं नाही. तुझ्याविरुद्ध एक शब्द नाही." अमानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "पोरी, मी आता बहिरी झालेय. तेव्हा माझे कान धड होते. आणि गाडीची काच खाली होती."

तेन्चाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. अकरा वर्षं ही बाई तिच्या हातचं जेवली होती. तिच्याकडून केस विंचरून घेतले होते, तापात तिच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. बापाचं जाणं त्याला सोसलं नाही, ही तेन्चाची थाप अमानं शेजारणींना शंभरदा जशीच्या तशी सांगितली होती.

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"बोलून? एक तर गेलाच होता. दुसरीलाही घालवून बसू?"

तेन्चा रडली नाही. रडण्यासाठी जे काही लागतं ते जणू जागेवर नव्हतं.

"आणि माझे डबे?" तिनं विचारलं. हल्ली दर सोमवारी अमा एक मोठा तुकडा बांधून मागायची, मांसाचा, शेजारच्या आजारी तोन्याबाईसाठी.

"तोन्याला काही चाववत नाही. चेओच खातो." अमा म्हणाली. "पहिल्यांदा झाकण उघडलं, वास घेतला आणि परत लावून ठेवलं. कुणी केलंय हे विचारलं नाही. दुसऱ्या वेळी निम्मं खाल्लं. आता डबा घासून आणतो."

"माझ्याबद्दल विचारतो?"

अमानं काटा ताटात ठेवला. "नाही," ती म्हणाली. "आबेलचं विचारतो. याच्या लग्नाचा फोटो मागून घेतला. तुझं नाही विचारत."

ते तेन्चाला लागलं, आणि लागणारच होतं. ती उठली. तिनं गाडीची किल्ली घेतली, मग उरलेल्या कॅसरोलवर फॉइल लावून ते भांडंच उचललं.

"मी सोडतो तुला, आई," आबेल म्हणाला.

"तू बस. बायकोला जेवू घाल." आणि अमाकडे वळून, "तू वचन दिलंयस ना? मग तू काही बोलू नकोस. फक्त गाडीत बस."

"सांगू नकोस म्हणालाय," अमा काठी शोधत म्हणाली. "आणू नकोस असं म्हणालेला नाही."

अमाच्या मांडीवर भांडं ठेवून दोघी दहा मैल गेल्या. तेन्चाच्या मनात वाक्यं तयार होती, अकरा वर्षं घोकलेली. स्वयंपाक करताना, सिग्नलच्या लाल दिव्यापाशी थांबताना, कबुलीच्या खोलीत पाद्र्यासमोर तिनं ती पुन्हापुन्हा घासली होती. चेओ, मी तेव्हा शुद्धीत नव्हते. चेओ, बाबांनी शेवटी तुझंच नाव घेतलं होतं. टायरवाल्याचं दुकान बंद होतं. मागे पांढरा ट्रेलर होता आणि पायरीजवळ डब्यात टोमॅटोची रोपं लावलेली होती. अमा गाडीतच राहिली. तेन्चानं भांडं एका हातावर तोललं आणि दुसऱ्या हातानं दार वाजवलं. फारच जोरात वाजलं.

चेओनं दार उघडलं. केस पांढरे, बनियनवर, एका गालाला दाढीचा साबण. तेन्चाला बघून त्याच्या चेहऱ्यावर राग येईल, असं ती धरून चालली होती. राग आला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्यानं चौकट धरली.

"कोण गेलं?" तो म्हणाला. "अमा?"

तेन्चाला कळायला क्षण लागला. कुणीतरी मेल्याशिवाय ती आपल्या दारात येईल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"अमा ठीक आहे. गाडीत बसलीय. ती बघ."

चेओनं तिच्या खांद्यावरून पाहिलं. काचेमागं अमानं काठी हलवली. तो होता तिथंच पायरीवर बसला आणि छातीवर हात ठेवून धापा टाकू लागला.

"असं दार वाजवतात होय, तेन्चा?" तो म्हणाला. "जीव गेला असता माझा."

घोकलेल्यातलं एकही वाक्य तिला आठवेना. ती भांड्यासकट त्याच्या शेजारी खाली बसली.

"नको," ती म्हणाली. "त्या पेटीत तू नको."