कांताबाईचं राहिलेलं उत्तर

हरिश्चंद्र गेला आणि जाताना शेवटचा शब्द घेऊन गेला. कांताबाईला दुःख झालं नाही असं कोण म्हणेल? पोटभर रडली बाई. पण डोळे पुसल्यावर तिच्या मनात ठाण मांडून बसली ती हीच गोष्ट.

ज्यांनी गायन पार्ट्यांचे सामने बघितले नाहीत त्यांना हा वेडेपणा वाटेल. वाटू दे. जयंतीच्या मांडवात दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, दोन माईक लागतात. आधी बुद्धाला, बाबासाहेबांना वंदन, मग गाणी, आणि पब्लिक पेंगायला लागलं की खरी मजा. एकानं गाण्यातून टोला हाणायचा, दुसऱ्यानं तो परतवायचा. परतवता आला नाही की हरला. खाली उतरल्यावर एका बशीतला चहा पितील, पण माईकवर दयामाया नाही. कांताबाई आणि हरिश्चंद्र वरळीपासून कल्याणपर्यंत वीस वर्षं एकमेकांची अशीच सालं काढत आले होते. दोघांनी मुंबईतल्या आपापल्या खोल्या सोडून मीरा रोडला वेगवेगळी बिऱ्हाडं केली, तर भांडणही टेम्पोत घालून बरोबर आणलं.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, घोडबंदरकडच्या चेणे गावातल्या जयंतीला सामना अगदी रंगात आला होता. हरिश्चंद्रानं हात वर केला आणि हाणला:

‘कांताबाईचा सूर चढला,
माईक घाबरून बंद पडला!’

आणि अहो, त्याच घडीला लाईट गेली! माईक खरंच बंद. माणसं हसून हसून लोळली. लाईट काही परत आली नाही, आणि कांताबाईचं उत्तर तोंडातल्या तोंडात राहिलं. अंधारात चपला शोधता शोधता ती म्हणाली, “धम्मचक्र दिनाला बघते तुला.”

“ये की,” तो म्हणाला, “दुकान उघडंच आहे.”

ऑगस्टमध्ये बसल्या जागी हरिश्चंद्राच्या छातीत कळ आली आणि दुकान बंद झालं.

जलदान विधी झाला. मग पुनम सागर सोसायटीच्या हॉलमध्ये आदरांजलीची सभा ठरली. जयंती मंडळाचा सेक्रेटरी धम्मदीप आमंत्रण द्यायला कांताबाईच्या घरी आला. बँकेत नोकरीला असलेला, सरळ मुलगा. लहानपणी याच दोघांच्या सामन्यांत पुढच्या सतरंजीवर बसून मोठा झालेला.

“मावशी, तुम्ही दोन शब्द बोला. फुलं वाहा.”

“बोलणार नाही. गाणार. माझं उत्तर राहिलंय.”

धम्मदीपनं चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे त्यांना टोले मारणार? मावशी, माणूस गेलाय!”

“मग? गेला म्हणून सुटला काय?”

“सोसायटीतले सगळे येणार आहेत. गुजराती, सिंधी, सगळे. त्यांना काय कळणार सामना? ते म्हणतील, ये औरत मरे हुए आदमी को गाली दे रही है.”

“शिकव त्यांना हिंदीतून. बँकेत आहेस ना?”

तो बिचारा म्हणाला, “मलाही ते आवडायचे हो. म्हणूनच सभा नीट व्हावी असं वाटतं.” त्याचंही खोटं नव्हतं. पण ‘नीट’ म्हणजे काय ते कांताबाईला माहीत होतं. चार भाषणं, फोटोला हार, दोन मिनिटं स्तब्धता. जो माणूस जन्मात दोन मिनिटं गप्प बसला नाही, त्याच्यासाठी स्तब्धता! तिचं डोकं सणकलं. शेवटचा शब्द तिचा व्हायलाच हवा होता. उत्तर या सभेत दिलं नाही, तर ते मरेपर्यंत घशात अडकणार होतं.

ती उठली आणि थेट हरिश्चंद्राच्या घरी गेली. त्याची बायको पंचशीला तांदूळ निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. कांताबाईला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर दार दाखवणार.

“वहिनी, तुम्ही नको म्हणालात तर तोंड उघडणार नाही,” ती म्हणाली.

पंचशीलानं ताट बाजूला सारलं. “इतके दिवस जो येतो तो सांगतो, किती शांत माणूस, किती गरीब स्वभाव. मला तर वाटायला लागलंय, माझ्या घरात दुसराच कुणी राहत होता. तुम्ही गा, कांताबाई. आणि सोडू नका त्यांना.”

पंचशीलाच्या शब्दापुढे धम्मदीप काय बोलणार? त्यानं कार्यक्रमात गाणं घातलं, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

रविवारी सकाळी हॉल गच्च भरला. फोटोत हरिश्चंद्र टाय लावून, ओठ मिटून बसला होता. कांताबाईनं त्याला असा कधी पाहिलाच नव्हता. भाषणं झाली. शांत स्वभाव, साधी राहणी, सगळं झालं. मग ती उठली. तिनं मंडपवाल्याकडून दुसरा माईक मागून घेतला आणि फोटोसमोर उभा केला. हरिश्चंद्राचा ढोलकीवाला समाधान खाली बसला होता, त्याला म्हणाली, “ये वर. वाजव.”

“कुणाच्या बाजूनं वाजवू?” समाधाननं ढोलकी उचलत विचारलं.

“त्याच्याच. माझ्या बाजूनं वाजवलंस तर तो उठून येईल.”

ढोलकी कडाडली. कांताबाईनं पदर खोचला, फोटोकडे बोट केलं आणि एप्रिलपासून साठलेलं एकदाचं सोडलं:

‘माझ्या सुरानं माईक पडला,
तुझ्या सुरानं मांडव उठला;
माणसं सगळी घरी गेली,
खुर्च्यावाला एकटा उरला!’

कुणी मोठ्यानं हसलं नाही. समोरच्या रांगेत एक म्हातारी खुसकन हसली आणि तिनंच तोंडावर पदर घेतला. धम्मदीप जमिनीकडे बघत होता. सामन्याचा रिवाज असा, की टोला हाणला की गप्प बसायचं आणि समोरच्याला वाट द्यायची. कांताबाई गप्प राहिली. समाधान ठेका धरून होता. समोरच्या माईकवर कुणी नव्हतं. तिला तेव्हा कळलं की हा माणूस आता खरंच उत्तर देणार नाही. जिंकली होती ती, आणि असलं जिंकणं तिला नको होतं.

तेवढ्यात पंचशीला उठली. नवऱ्याच्या इतक्या कार्यक्रमांत ही बाई कधी स्टेजवर चढली नव्हती. आली, फोटोसमोरच्या माईकला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, “हे म्हणायचे, कांता यावेळी टोल्यात माझी माणसं उठवणार. दरवर्षी उठवते. म्हणून उत्तर तयार करून ठेवलं होतं. भाजी चिरताना मला ऐकवून ऐकवून पाठ झालंय.” आणि सूर ना ताल, नुसत्या घरच्या आवाजात तिनं म्हटलं:

‘गेली माणसं, जाऊ दे गं,
एक बाई बसून राही;
माझं गाणं चोरायाला
कांता घरी जात नाही!’

आता मात्र हॉल फुटला. म्हातारी तोंडावरचा पदर काढून हसली, धम्मदीप हसता हसता डोळे पुसू लागला, मागच्या रांगेतला एक गुजराती शेजारी ‘क्या बोला, क्या बोला’ करत ज्याला त्याला विचारत सुटला. कांताबाई उभी होती तिथंच हसली आणि रडली. नालायक माणूस! मेल्यावरसुद्धा गप्प बसला नाही.

“वहिनी, पुढचं?” तिनं विचारलं.

“पुढचं नाही हो. एवढंच झालं होतं.”

समाधाननं ठेका बदलला. पाळी कांताबाईची होती. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर उत्तर तिच्या जिभेवर आलंही होतं, चांगलं झणझणीत, गाणं चोरण्यावरूनच. ज्या शब्दासाठी ती धम्मदीपशी भांडली, विधवेच्या दारात जाऊन उभी राहिली, तो शब्द आता तिच्या हातात होता.

तिनं तो गिळला. समाधानकडे बघून हात आडवा केला. ढोलकी थांबली.

“सामना हरिश्चंद्र आणि पार्टीनं जिंकला,” ती माईकवर म्हणाली, आणि हरलेल्यानं करायचा असतो तसा फोटोला कमरेत वाकून जयभीम केला.